जिवंत कापड

बाळ्या,

तू गेलास यावर माझा विश्वास बसला नाही, यात तुला नवल वाटायचं कारण नाही. डॉक्टर मान हलवून बाजूला झाले, तुझी सुरेखा भिंतीला टेकून खाली बसली, आणि मी पर्समधून माझी डबी काढली. चुन्याची जुनी डबी, आत लूमखाली साचतो तो कापसाचा बुरा. चिमूटभर बुरा तुझ्या नाकाशी धरला. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना काय ठाऊक, ही बाई जन्मात कुणाच्या शब्दावर गेलेली नाही. बुरा हलला नाही. मी डबी बंद केली, पर्समध्ये ठेवली आणि मग रडले.

त्याच डबीतल्या बुऱ्याने मी तुझं कापड तपासायची. तू हसायचास. "ताई, तू देवाचा प्रसादसुद्धा हुंगून घेतेस." घेते. मासेवालीने कल्ले उघडून दाखवल्याशिवाय मी सुरमई घेत नाही, गॅसचा सिलेंडर वजन केल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. भिवंडीत धामणकर नाक्यावर कापडाच्या पेढीत तागे तपासण्यात माझी उमर गेली. उजेडावर कापड ओढायचं, सुटलेला धागा, तेलाचा डाग, पडलेलं भोक शोधायचं आणि खडूने फुली मारायची. दिवसभर खोट शोधणारी बाई घरी आल्यावर एकदम भोळी कशी होणार? तू शाळा सुटली की पेढीवर यायचास आणि माझ्या खडूने फरशीवर फुल्या मारत बसायचास. मी ओरडायची, "अरे, चांगल्या फरशीला का बाद करतोस?"

मोठा झालास आणि भलताच भोळा निघालास. आपल्या पूर्णा गावच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, भाऊबंदांनी त्यांच्या भाड्याच्या पैशांवर गाड्या घेतल्या, आणि तू शेजारच्या वळ गावात गाळा घेऊन त्यात ते यंत्र आणून बसवलंस. मला पहिल्यापासून त्याचं काही खरं वाटेना. प्लॅस्टिकचे पांढरे दाणे वितळवायचे, बारीक भोकांतून गरम हवेच्या झोताने उडवायचे, आणि समोरच्या फिरत्या जाळीवर तंतू साचून त्याचं म्हणे कापड होतं. ना ताणा, ना बाणा. जत्रेत म्हातारीचे केस करतात तसला प्रकार. भिवंडीत जन्म गेलेल्या बाईला तू सांगायचास की हे कापड आहे!

"हवेतली बारीक धूळ अडवतं हे," तू म्हणालास. आणि बोलता बोलता हेही म्हणून गेलास की याची भोकं त्या धुळीच्या कणांहून मोठी असतात. मी तिथंच पकडला तुला.

"मग अडतं कसं रे? मला शेंडी लावतोस?"

तू असा खूश झालास की जणू मी पहिला नंबर काढला. "ताई, आपल्या खाडीतल्या जाळ्यात मासा भोकाहून मोठा म्हणून अडकतो. हा मासा भोकाहून लहान हाय. त्याला अडवायचा न्हाय, ओढून घ्यायचा." आणि मला ती दांडी दाखवलीस. यंत्राच्या शेवटाला आडवी, सुयांची रांग असलेली. कापड तिच्याखालून जाताना सुयांमधून विजेचा भार त्यात भरतो, तो तंतूंत बसून राहतो आणि धूळ आपणहून येऊन चिकटते. तू शर्टाची बाही सारून हात कापडाजवळ नेलास, तर हातावरचे केस ताठ उभे! माझ्या हातावर केस नाहीत म्हणून मी बुरा काढला. चिमूट सोडली आणि बुऱ्याने टुणकन उडी मारून कापड पकडलं. मी दचकले. "जिवंत हाय गं ते," तू म्हणालास. तेव्हापासून गाळ्यावर शब्दच पडला, जिवंत कापड आणि मेलेलं कापड. पेढी सोडून मी तुझ्याकडे तपासायला बसले ती त्या दिवसापासून.

पण आपलं भांडण मिटलं नाही. ते आजही अर्धंच आहे. दांडी बंद पडली तरी यंत्र चालू राहतं आणि कापड येतच राहतं. तोच पांढरा रंग, तेच वजन, हाताला तोच मऊपणा. मेलेलं आणि जिवंत शेजारी ठेवलं तर मलासुद्धा नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नव्हतं, आणि ते मला फार लागायचं. एकदा चहा पिताना तू सहज म्हणालास, "फसवायचं ठरवलं ना ताई, तर किती सोपं हाय बघ."

मी कप खाली ठेवला. "हे तुझ्या मनात आलंच कसं?"

"अगं, मस्करी."

"मनात असल्याशिवाय मस्करी तोंडात येत नाही."

तू हात जोडलेस. "माझी आई, तू हवेवरसुद्धा संशय घे. कुणीतरी घ्यायलाच हवा. ह्या कापडाचं काम तेच हाय." विषय हसण्यावारी गेला तुझ्यापुरता. माझ्या डोक्यात तो राहिला.

मग दसरा आला. आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा तू, सुरेखा आणि मी मिळून केली. यंत्राला कुंकू, हार, समोर पाटावर नट आवळायचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, कात्री, वजनाचा काटा आणि रोलवर लिहायची पेनं. आई असताना जशी मांडायची तशीच. दसऱ्याच्या सकाळी तू एकटा गेलास. यंत्र चालवणाऱ्या रशीदला तू सुट्टी दिली होतीस. दुपारी तुझा फोन आला, आवाजात हसू दाबलेलं.

"ताई, एक घोळ झालाय. हसशील तू."

"काय घोळ?"

"फोनवर न्हाय. संध्याकाळी सोनं द्यायला येईन तेव्हा सांगतो."

संध्याकाळी आपट्याची पानं माझ्या दारात आली नाहीत. सुरेखाचा फोन आला. जेवून जरा पडलास, छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझी डबी त्यानंतरची.

तेराव्यानंतर थोड्याच दिवसांनी कल्याणच्या शेठचा फोन आला. तुला आवडायचा तो माणूस, खोल्यांतली हवा साफ करायच्या मशीनचे फिल्टर बनवणारा. सुरेखाने ठरल्याप्रमाणे त्याला माल पाठवला होता. मला कुणी विचारलं नव्हतं, मी घरात पडून होते. शेठ आधी तुझ्याबद्दल चार बरे शब्द बोलला. मग म्हणाला, "ताई, बुरा मत मानना. माल मेलेला आहे. सगळे रोल. धूर सोडून बघितलं, आरपार जातो. भाईने जाते जाते हमको टोपी पहनाई क्या?"

माझ्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. पहिला संशय शेठवरच घेतला. माणूस गेला, बाई एकटी पडली, आता माल खोटा म्हणून नाव घालवायचं आणि हात वर करायचे, असे लोक काय कमी असतात? "माल परत पाठवा," मी म्हटलं. "मी बघते." त्याने लगेच कबूल केलं, तिथंच त्याच्यावरचा माझा संशय डळमळला. खोटं बोलणारा माल परत द्यायला एवढ्या लवकर तयार होत नाही.

मग रशीद. त्याला गाळ्यावर समोर उभा केला. "दांडी बंद असताना माल काढलास का रे?"

बिचाऱ्याचं तोंड उतरलं. "दीदी, मुझ पे शक?"

"सगळ्यांवर आहे. तू एकटा नाहीस."

"वो रोल मैंने निकाले ही नहीं. दशहरे को मालिक ने बोला, तू घर जा, बच्चों को घुमा. अकेले चलाया उन्होंने." आणि डोळे पुसत म्हणाला, "पाच वक़्त की क़सम."

अकेले चलाया. सुट्टी का दिलीस रशीदला? एकट्याने यंत्र का चालवलंस? फोनवर का नाही सांगितलंस? आणि ती मस्करी, फसवायचं ठरवलं तर किती सोपं. एकेक धागा ओढत गेले आणि बाळ्या, ज्याला कडेवर घेऊन वाढवला त्याच्यापर्यंत येऊन पोचले.

तुला खरं सांगते, त्या दिवसांत मी तुझ्या फोटोला हार घातला नाही. सुरेखा घालायची. मी समोर बसून तुझ्या तोंडाकडे बघायची, ताग्याकडे बघते तशी. चोर दिसतो का, हे शोधत होते. जग फसवतं त्याचं मला काही वाटत नाही, ते मी धरूनच चालते. पण आयुष्यात एकाच माणसाला मी न तपासता घेतलं होतं. तोही खोटा निघाला तर माझं उरलं काय? आणि सुरेखाला तोच गाळा पुढं चालवायचा होता, तुझ्याच नावावर. ते नाव गेलं की गाळ्यात दुसऱ्याची खोकी भरायची आणि तिने भाड्याची वाट बघत घरी बसायचं. मला तुझा राग आला रे. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, त्याचा तर जास्तच आला.

टेम्पो माल घेऊन आला. रोल उतरवले. मी डबी काढली, कापडाचं टोक उलगडलं, बुरा सोडला. बुरा तसाच खाली पडला. दुसरा रोल, तसाच. तिसरा, तसाच. सगळे मेलेले. शेठ खरा होता.

आता उरलास तू.

गाळ्याच्या कोपऱ्यात अजून काही रोल उभे होते. रशीद म्हणाला, हेही दसऱ्याचेच, मालिकने त्याच दिवशी काढलेले. सुरेखावहिनीने ते पाठवले नाहीत. का नाही पाठवले? मी तिथं बुरा सोडला. आणि बाळ्या, त्याने उडी मारली! माझ्या चिमटीतून सुटायच्या आधीच. एकाच दिवशी, एकाच माणसाने, अर्धा माल मेलेला काढला आणि अर्धा जिवंत. चोर असं करत नाही. चोराला अर्ध्यावर इमानाची आठवण कशी काय येईल?

मग मी परत आलेल्या रोलांकडे नीट बघितलं. रोलच्या तोंडावर खाकी कागदाची गोल चकती असते, तिथं आपण पेनाने खूण करतो. या चकत्यांवर पेन नव्हतं, कुंकू होतं. प्रत्येकावर स्वस्तिक. कोपऱ्यातल्या जिवंत रोलांवर काहीच नाही. म्हणजे देवाचं नाव घेऊन पाठवलेला माल तेवढा मेलेला. मला हे पटेना. मी चष्मा लावून चकती उजेडात धरली, आणि तिथं मला दोन हात दिसले. मधल्या दोन रेघा जाड, अंगठ्याने रेटून ओढलेल्या, कुंकू वाळून काळपट झालेलं. टोकांचे चार पाय आणि चार ठिपके बारीक, करंगळीशेजारच्या बोटाचे, कुंकू अजून लाल.

पाय आणि ठिपके मी मनातून पुसले. चकती जराशी फिरवली. ती फुली होती रे. माझी फुली.

खिडकीच्या कठड्यावर स्पिरिटचा बोळा पडलेला होता, लाल झालेला, त्याला झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या चिकटलेल्या. रशीदने उचलला आणि म्हणाला, "दीदी, मालिकने सूई साफ की है." तेव्हा सगळं डोळ्यांसमोर आलं. कुणी त्या दांडीला हात लावला तर अख्खा गाळा डोक्यावर घेणारा तू, खंडेनवमीला ओल्या झेंडूचा हार तिच्यावरच टाकलास! सकाळी हार काढलास, पण पाकळ्या आणि ओलं कुंकू सुयांत अडकून राहिलं. दांडी गपचूप बंद पडली आणि यंत्र चालत राहिलं. कधीतरी तू बाही सारून हात नेलास आणि केस उभे राहिले नाहीत. बोळ्याने सुया पुसल्यास, पुन्हा चालवलंस, तो माल जिवंत आला. मेलेल्यावर बादची खूण करायला पेन शोधलंस, तर पेनं पाटावर पूजेत. आईचा दंडक, "सोनं वाटंपर्यंत पूजंतलं उचलायचं न्हाय." नास्तिक म्हणवून घेणाऱ्या माझ्या भावाने आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी पूजेतलं पेन उचललं नाही. कुंकवाच्या वाटीत अंगठा बुडवला आणि फुल्या मारल्यास.

हाच तो घोळ. हेच तू आपट्याच्या पानांबरोबर मला सांगणार होतास. आणि एकटा का चालवलंस, तर रशीदची पोरं बाप कधी घरी येतो म्हणून वाट बघत होती, एवढंच. भोळ्या माणसाचं कारण इतकं साधं असतं की माझ्यासारखीला ते शेवटी सुचतं.

आता ते बारीक बोट. मला ठाऊक होतं कुणाचं. तरी विचारलं, सवय जात नाही. सुरेखा चूल पुसत होती. म्हणाली, "वन्सं, मी माल द्यायला गाळ्यावर गेले ना, तर रोलांवर ह्यांनी स्वस्तिक अर्धंच काढलेलं. घाईत राहिलं असंल. शेवटची पूजा त्यांची, अर्धी कशी ठेवू? मी पुरी केली आणि ते शकुनाचे रोल आधी भरायला सांगितले." मग तिचा आवाज बारीक झाला. "शेजारच्या काकी म्हणत होत्या, आता कुंकवाला हात लावायचा न्हाय. मी लावला. चुकलं का?"

बाळ्या, माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. खोट दिसली आणि मी बोलले नाही, असं याआधी कधी झालेलं नाही.

"काकीला म्हणावं, आपलं बघ," मी म्हटलं. "तुझा नवरा, तुझं कुंकू. बरं केलंस पुरं केलंस ते."

"मग माल परत का आला?"

"शेठला एवढा नको होता आत्ता. उरलेला घेऊन जाणार आहे." तिने मान डोलावली आणि चूल पुसायला लागली. दुसरा प्रश्न नाही. खरंच रे, फसवायचं ठरवलं तर किती सोपं असतं.

कल्याणला मीच गेले. शेठपुढे एक चकती ठेवली आणि जिवंत कापडाचा तुकडा. सगळं सांगितलं. त्याने चकती उलटसुलट फिरवून पाहिली आणि म्हणाला, "ताई, तुम्ही बहीण आहात. भाई की साइड तो लोगे ही." मला त्या माणसाचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. "माझ्यावर ठेवू नकाच विश्वास," मी म्हटलं. "बाही वर करा." त्याने केली. तुकडा हाताजवळ नेला आणि हातावरचे केस उभे राहिलेले मी स्वतः बघितले. मग त्याने धूर सोडून पाहिला, धूर अडला. कोपऱ्यातले रोल त्याने सगळे मागवले. निघताना म्हणाला, "आदमी ने खुद का माल काटा था. आजकल कौन काटता है?" मी पदर तोंडाशी धरून जिना उतरले.

मेलेले रोल मी वितळवून परत दाणे करायला देणार होते; सुरेखाला वाटलं, दुसऱ्या गिऱ्हाईकाला चालले. सुरेखा म्हणाली, "वन्सं, त्यावरचा एक कागद मला द्या." दिला. आता गाळ्यावर तीच यंत्र चालवते, रशीद शिकवतो. परवा मी तिच्या हाती माझी डबी दिली. बुरा कसा सोडायचा ते दाखवलं. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "तुमच्या डोळ्यांनी एकदा बघून घ्या हं, मला खात्री वाटत न्हाय." होईल तयार.

पूर्ण्याच्या घरी आता रोज सकाळी माझी पंचाईत होते. आंघोळ करून मी देव्हाऱ्यापुढे बसते. कुलदेवीच्या टाकाशेजारी, फ्रेममध्ये, तुझी ती खाकी चकती ठेवलेली असते. सुरेखा तिच्यावर फूल वाहते, उदबत्ती ओवाळते, डोळे मिटून हात जोडते. अख्ख्या भिवंडीत बाद मालाच्या खुणेची पूजा होत असेल ते एकच घर, आणि घरात ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. पहिल्या दिवशी ओठ गच्च दाबले, तरी फुटलंच. सुरेखाला वाटलं मी रडतेय. तिने माझ्या पाठीवर हात फिरवला.

हसले रे, बाळ्या. तू म्हणाला होतास ना, हसशील तू. हसले.